रेल्वेच्या खिळ्याची सुरी धार का धरत नाही, आणि त्या खिळ्याचं काय होऊ शकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरातल्या भंगारवाल्याकडून रेल्वेचे वीस-पंचवीस जुने खिळे आणले, घरामागच्या छोट्या भट्टीत त्यातल्या एकाची सुरी घडवली, तीनदा लाल करून पाण्यात बुडवली. तरी कानस तिच्यावर सहज चालते आणि दोन कांदे चिरेपर्यंत धार जाते. ताव कमी पडला, पाणी चुकलं, की कार्बन चढावा म्हणून भट्टीत जास्त वेळ ठेवायला हवी होती?

ताव बरोबर होता, पाणीही बरोबर होतं. खिळाच पाणी घेणारा नाही.

पोलादानं पाणी घेणं हा कार्बनचा खेळ आहे. लाल तावात कार्बन पोलादात विरघळलेला असतो. एकदम थंड केलं की तो तिथेच अडकतो आणि पोलाद कडक होतं. अडकायला कार्बनच नसेल तर तीनदा बुडवा नाहीतर तीसदा, फरक पडत नाही. सुरी-कोयत्याला कार्बन निदान 0.5 ते 0.6 टक्के लागतो. रुळाचा खिळा, म्हणजे डॉग स्पाइक, मुद्दाम मऊ पोलादाचा करतात. त्यात कार्बन साधारण पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. गाडी जाताना रूळ दबतो आणि उचलतो, आणि प्रत्येक चाकागणिक खिळ्याच्या डोक्याला हिसका बसतो. कडक खिळा मानेत तुटून जाईल. मऊ खिळा वाकतो किंवा थोडा वर येतो, आणि तो गँगमनच्या नजरेला पडतो. ज्या गुणामुळे तो रुळावर चांगला, त्याच गुणामुळे सुरीला वाईट.

अमेरिकन व्हिडिओंमध्ये डोक्यावर 'एचसी' कोरलेले खिळे शोधायला सांगतात. ती अक्षरं तिकडच्या मानकातली आहेत. त्यांचा अर्थ 'जास्त कार्बन' असला तरी तो जास्त म्हणजे सुमारे 0.30 टक्के. बाकीच्या खिळ्यांच्या मानानं जास्त, सुरीच्या मानानं जेमतेम निम्मा. आपल्याकडच्या खिळ्याच्या डोक्यावरची अक्षरं वाचून कार्बनचा अंदाज बांधू नका.

भट्टीत जास्त वेळ ठेवून कार्बन चढत नाही, उलट उतरतो. उघड्या भट्टीत भात्याची हवा पृष्ठभागावरचा कार्बन जाळते आणि वर खपल्या धरतात. कार्बन चढवायचाच तर खिळा लोखंडी डब्यात कोळशाच्या भुकटीत गाडून, डबा चिकणमातीनं बंद करून, 900 अंशांच्या वर चार-सहा तास धरावा लागतो. एवढं करूनही चढणारा थर मिलिमीटरभराच्या आतबाहेर असतो. सुरीला दोन-चारदा धार लावली की तो गेला.

आता तुमच्या ढिगात नक्की काय आहे ते बघा, कारण भंगारात 'रेल्वेचे खिळे' या नावाखाली सगळं एकत्र येतं. सोलापुरात रेल्वे 1860 साली आली, बार्शी लाइट रेल्वेचा 762 मिलिमीटरचा छोटा मार्ग 1897 साली सुरू झाला, होटगीहून गदगकडे मीटरगेज होती. यातल्या शेवटच्या दोन मार्गांचं रुंदीकरण होताना निघालेला माल वेगवेगळ्या काळातला आणि वेगवेगळ्या जातीचा होता. चौकोनी दांडा, छिन्नीसारखं टोक आणि एका बाजूला झुकलेलं, दोन कान असलेलं डोकं असेल तर तो डॉग स्पाइक, लाकडी स्लीपरचा. छोट्या गेजचे अर्थातच बारीक असतात. जाड आटे असलेला तो स्क्रू स्पाइक. तोही मऊच, पण आटे ठोकून काढताना ते आत दुमडतात आणि तडे राहतात, म्हणून हौशी माणसानं त्याच्या मागे लागू नये. तिसरी, वेटोळ्याच्या आकाराची, बोटाएवढी जाड गोल सळई ती पँड्रोल क्लिप, आजच्या सिमेंटच्या स्लीपरची. ती खिळा नाहीच, स्प्रिंग आहे. तिचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं, 55 एसआय 7 या जातीचं: कार्बन 0.5 ते 0.6 टक्के, सिलिकॉन दीड ते दोन टक्के. सुरीसाठी ढिगातून हीच उचलायची. चौथा माल म्हणजे बिडाच्या स्लीपरचे तुकडे आणि सोबत येणारे कापड विणायच्या जुन्या मागांचे भाग. बीड कधीही घडवायला घेऊ नका. लाल करून घाव घातला की भुगा होतो आणि तुकडे उडतात.

शंका राहिली तर ग्राइंडरवर ठिणगी बघा. मऊ पोलादाची ठिणगी लांब, सरळ, पिवळसर रेघेची, टोकाला क्वचित फुटणारी. कार्बन जास्त असेल तर ठिणगी आखूड आणि फुलबाजीसारखी दाट फुटते. शेजारी एक जुनी कानस आणि एक साधी सळई धरून तुलना केली तर डोळा पाच मिनिटांत बसतो. त्याहून खात्रीचं म्हणजे एक टोक डाळिंबी लाल करून पाण्यात बुडवायचं आणि हातोडीनं तोडून बघायचं. काचेसारखं तुटलं तर कार्बन आहे, वाकलं तर नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, आणि ती घडाईइतकीच महत्त्वाची आहे. या मालाची पावती आहे का? रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम 1966 प्रमाणे, चोरीचा असल्याचा वाजवी संशय येईल असा रेल्वेचा माल तुमच्याकडे सापडला तर तो कायदेशीर मार्गानं आला हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वे आपलं भंगार ई-लिलावात मोठ्या लॉटनं विकते. तो लॉट घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून, किंवा त्याच्याकडून घेणाऱ्याकडून, लॉटचा उल्लेख असलेलं बिल घ्या आणि जपून ठेवा. बिल देत नसेल तर माल कितीही स्वस्त असो, सोडून द्या. रुळाशेजारी पडलेला गंजका खिळासुद्धा उचलायचा नाही. तो रेल्वेचाच असतो. रुळातला खिळा किंवा क्लिप काढणं तर माणसांच्या जिवाशी खेळणं आहे. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा वापरत असाल तर त्यालाही हाच नियम.

शिकण्यासाठी खिळाच हवा असंही नाही. हार्डवेअरच्या दुकानात 16 मिलिमीटरची चौकोनी सळई मिळते. एका मीटरचं वजन 2 किलो भरतं, म्हणजे सहा खिळ्यांएवढा दांडा. पोलाद जवळपास तेच. खाली दिलेला प्रत्येक नमुना आधी सळईवर करून बघा. खिळ्याचं डोकं वाया जाणार नाही.

खिळा भट्टीत टाकण्याआधी धुवा. वर्षानुवर्षं डब्यांच्या शौचालयांतली घाण रुळावर पडत असे, त्यामुळे हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात ब्रशनं घासायचं, आणि धनुर्वाताची लस घेतलेली असली पाहिजे. लाकडी स्लीपरला मुरवलेलं क्रिओसोट डांबरासारखं चिकटलेलं असतं. ते खरवडून काढा. उरलेलं जळताना निघणारा धूर छातीला वाईट, म्हणून पहिला ताव उघड्यावर, वारा येतो त्या बाजूला उभं राहून द्या. पांढरट-राखाडी चकाकी दिसली तर जस्ताचा मुलामा समजा आणि तो नग भट्टीत घालूच नका. मग मान तपासा, म्हणजे डोक्याखालचा भाग. रुळाच्या पायाशी घासून आणि गंजून तिथे बऱ्याचदा खाच पडलेली असते. खाच 2 मिलिमीटरहून खोल असेल तर डोकं राखायच्या कामाला तो खिळा घेऊ नका, पीळ देताना नेमका तिथेच जाईल.

भट्टीबद्दल फार लिहायला नको. बाभळीचा चांगला लोणारी कोळसा आणि छोटा ब्लोअर एका खिळ्याला पुरतो. खिळा तळाशी, हवेच्या तोंडासमोर ठेवला तर जळतो. वर उघडा ठेवला तर तापत नाही. वर-खाली दोन्हीकडे चार बोटं निखारा हवा. ऐरण नसेल तर मीटरला 52 किलो भरणाऱ्या रुळाचा एक फूट तुकडा जेमतेम 16 किलो भरतो. तो आडवा ठेवण्याऐवजी उभा गाडला तर घावाखाली सगळं वजन येतं आणि तेवढाच तुकडा दुपटीनं काम देतो. हातोडा एक ते सव्वा किलोचा. सांडशी मात्र चौकोनी खाचेचीच हवी. सपाट तोंडाच्या सांडशीतून चौकोनी खिळा फिरतो आणि तापलेला खिळा पायावर पडतो. अंगात सुती कपडेच असावेत. टेरिकॉटवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं.

तावाचा रंग सावलीत ओळखायचा. सोलापूरच्या उन्हात नारिंगी ताव काळपट लाल दिसतो आणि माणूस भाता मारत राहतो. नवख्यांचे निम्मे खिळे असे जळतात. उन्हाळ्यात पहाटे किंवा संध्याकाळी काम करा, पत्र्याखाली. डाळिंबाच्या पिकल्या दाण्याचा लाल म्हणजे साधारण 750 ते 800 अंश, नारिंगी 950 च्या आसपास, पिवळा 1100 च्या वर. खिळ्याचं मऊ पोलाद पिवळ्या तावात ओढायचं आणि डाळिंबी झालं की थांबायचं. त्याखाली मारलेला घाव आकार देत नाही, फक्त कडा फाडतो. दर तावाला तारेच्या ब्रशनं खपल्या झाडा, नाहीतर त्या घावाखाली पृष्ठभागात रुततात आणि अंगावर देवीचे व्रण उमटल्यासारखं दिसतं.

पहिला नमुना भिंतीचा हूक. खिळ्याचं डोकं हीच त्याची शोभा, म्हणून डोकं टांगायच्या बाजूला आणि टोक भिंतीकडे. टोकाकडचा 45 मिलिमीटर भाग पिवळा करून 5 मिलिमीटर जाडीपर्यंत सपाट करा. 30 रुंद आणि 60 लांब अशी पट्टी निघते. छिन्नीसारखं टोक आधी मागे ठोकून बोथट करून घ्या, नाहीतर पट्टीच्या टोकाला चीर पडते. पट्टी आणि दांडा मिळतात तिथे ऐरणीच्या काठाची धारदार खाच पडू देऊ नका. ऐरणीची ती कड आधीच ग्राइंडरनं थोडी गोल केलेली असावी. हूक तुटतो तो याच खाचेतून, वजन टांगल्यावर दोन वर्षांनी.

पीळ द्यायचा तर दांड्याचा मधला 50 मिलिमीटर भाग एकसारखा नारिंगी करा, एक टोक व्हाइसमध्ये, दुसऱ्याला पाना, आणि न थांबता दीड फेरा. पीळ एका बाजूला घट्ट आणि दुसरीकडे सैल आला तर ताव सारखा नव्हता, गरम भाग जास्त पिळला गेला. पिळत असतानाच घट्ट होणाऱ्या जागी डब्यानं थोडं पाणी सोडलं की तो भाग थांबतो आणि उरलेला पीळ पुढे सरकतो. हे मऊ पोलादावर चालतं, क्लिपच्या पोलादावर पाणी सोडलं तर तडा जाईल. पीळ झाल्यावर काटकोनात वाकवा, डोकं थोडं वर उचललेलं ठेवा, पट्टीत 5 मिलिमीटरची दोन भोकं पाडा. जाड चादर वाळत घालण्यासारख्या वजनाला हा हूक सहज पुरतो.

माझ्या मते खिळ्याचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे भाकरीचं उलथणं. हिशेब करून बघा. दांड्याचा छेद 256 चौरस मिलिमीटर. टोकाकडचा 40 मिलिमीटर भाग 2 मिलिमीटर जाड ठोकला तर 70 बाय 70 चं पान निघतं. त्यामागचा 60 मिलिमीटर भाग 8 मिलिमीटर गोल ओढला तर एक फूट मूठ. जळण्यात आणि खपल्यांत थोडं जातं तरी खिळ्यात हे बसतं, आणि डोकं मुठीच्या शेवटी टांगायला राहतं. ओढताना चौकोनाचा सरळ गोल करायला जाऊ नका. आधी चौकोन बारीक करत 8 पर्यंत आणा, मग आठ कोनी, मग गोल. चौकोनाच्या कडा लवकर मोडल्या की धातू आतून दुमडतो, मध्ये पोकळ रेघ राहते आणि मूठ तिथे उभी फाटते. पान पातळ होत आलं की ते क्षणात थंड होतं. दोन-तीन घावांत परत भट्टीत, आणि 3 मिलिमीटरखाली भात्याची हवा निम्मी करा; पातळ कड आधी जळते. पान तिरकं झालं तर उलट बाजूनं रुंदीला घाव घालून सरळ होतं. शेवटी कड कानशीनं साफ करून नव्या तव्यासारखं तेल मुरवा. मऊ पोलाद इथे दोष नाही, तवा खरवडत नाही.

आता सुरी. नुसत्या खिळ्याची सुरी भिंतीवर लावायला करा, स्वयंपाकघरात देऊ नका. जमेल तेवढी कडक करायचीच असेल तर 10 लिटर पाण्यात 1 किलो मीठ घालून त्यात बुडवा. साध्या पाण्यात वाफेचं आवरण धरतं, मिठानं ते फुटतं आणि थंडावा जलद होतो. फरक पडेल, पण कानस तरीही चालेल.

खिळ्याचं डोकं मुठीला ठेवून खरी धार हवी असेल तर धारेत पोलाद भरावं लागतं. कुऱ्हाडीच्या तोंडात पोलाद भरायची रीत घिसाडी लोहारांना चांगली ठाऊक असते. जवळ कोणी काम करत असेल तर एक सकाळ शेजारी बसून बघा, त्यांच्या तावाच्या अंदाजाला तोड नाही. पद्धत अशी: दांड्याची पट्टी करून धारेच्या बाजूनं छिन्नीनं 12 ते 15 मिलिमीटर खोल चीर पाडा. जुन्या कानशीचे दात घासून काढून 3 ते 4 मिलिमीटरची पाचर करा. कानशीत कार्बन एक टक्क्याहून जास्त असतो. हलक्या कानशी फक्त वरून कडक केलेल्या असतात, म्हणून आधी एक तुकडा पाण्यात बुडवून आणि तोडून तपासा. इथे क्लिपचं किंवा ट्रकच्या पाट्याचं पोलाद वापरायचा मोह होतो, टाळा. त्यातला सिलिकॉन किंवा क्रोमियम पृष्ठभागावर असा थर धरतो की सांध्यावर भुरभुरायच्या टाकणखारालाही (बोरॅक्स) तो नीट दाद देत नाही, आणि सांधा वरून धरल्यासारखा दिसून आतून सुटा राहतो.

दोन्ही अंगं चकचकीत घासून पाचर बसवा, कडा आवळा, डाळिंबी तावाला टाकणखार भुरभुरा आणि तो वितळून मधासारखा वाहू द्या. मग हवा सावकाश ठेवून ताव चढवा. पृष्ठभाग ओला, लोण्यासारखा पिवळसर-पांढरा दिसतो तो सांध्याचा ताव, सुमारे 1250 अंश. ठिणग्या फुटायला लागल्या तर पोलाद जळतंय. बाहेर काढल्यावर दोन सेकंदांत पहिला घाव, हलका आणि झपझप. जोरात मारला तर पाचर बाहेर उडते आणि वितळता टाकणखार हातावर येतो. पूर्ण चेहरा झाकणारी काच लावूनच हे काम करा. सांधा धरला की नाही हे लाल रंग उतरताना कळतं: सांध्यावर काळी रेघ दिसली तर तिथे तो सुटा आहे, पुन्हा टाकणखार आणि पुन्हा ताव. कानशीची धार चुंबक धरायचं सोडतं त्याच्या जरा वर, 780 ते 800 अंशांवर, कोमट तेलात बुडवायची.

हे सगळं अवघड वाटत असेल तर पँड्रोल क्लिप घ्या, तीच जास्त सरळ वाट आहे. तिची सळई 20.64 मिलिमीटर जाड आणि क्लिपचं वजन 900 ग्रॅमच्या आसपास. सरळ केल्यावर फुटाहून थोडी जास्त भरते, दोन सुऱ्या निघतात. थंड असताना कापायला किंवा सरळ करायला जाऊ नका, ती कडक स्प्रिंग आहे. नारिंगी ताव देऊन हळूहळू उलगडा. आतल्या वळणाच्या बाजूला बारीक तडे असतात, तो भाग घासून बघा आणि तडा दिसला तर तेवढा कापून टाका. हे पोलाद पिवळ्या तावाच्या वर नेऊ नका आणि नारिंगी उतरून लाल झालं की घाव थांबवा. मऊ पोलाद जे सोसतं ते हे सोसत नाही, काठाला आडवे तडे जातात.

घडाई झाल्यावर तीनदा डाळिंबी तावाच्या थोडं वर नेऊन हवेत थंड करा, मग एकदा तापवून रात्रभर राखेत गाडा म्हणजे घासता येईल. धारेला पाणी द्यायच्या आधी दीड मिलिमीटर जाडी राखा. पातळ धार तेलात लाटेसारखी वाकते. ताव 850 ते 870 अंश, म्हणजे चुंबक सोडल्यावर अजून एक छटा वर. तेल 5 लिटर, 50 ते 60 अंश कोमट केलेलं, झाकण असलेल्या लोखंडी डब्यात, शेजारी वाळूची बादली. तेल पेटलं तर झाकण टाका, पाणी कधीही नाही. सुरी टोकाकडून सरळ खाली, बाजूला न हलवता.

सिलिकॉनच्या पोलादाचा पृष्ठभाग भट्टीत कार्बन लवकर गमावतो. त्यामुळे तेलातून काढल्यावर कानस लावली तर ती चालते आणि वाटतं, परत फसलं. वरचा अर्धा मिलिमीटर घासून मग तपासा. खाली कानस घसरायला हवी. घसरली की त्याच दिवशी ओटीजीमध्ये 200 ते 220 अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. अशी भाजून पाणी न उतरवलेली, म्हणजे कडकपणा थोडा कमी न केलेली, सुरी फरशीवर पडली तर दोन तुकडे होतात.

तेल कोणतं, हे आपल्याकडे नेहमी विचारलं जातं, कारण करडईचं तेल हाताशी असतं. ते चालतं, पण करडई सुकणारं तेल आहे. दोन-तीन महिन्यांत डब्याच्या काठावर डिंकासारखा थर धरतो आणि तेल जाड झालं की थंडावा कमी होतो. शेंगदाण्याचं तेल जास्त टिकतं. गाडीचं जळकं इंजिन तेल मात्र नको, त्याचा धूर विषारी आहे. करडईचा तोच सुकण्याचा गुण शेवटच्या हाताला उपयोगी पडतो, जवसाचं तेल असेल तर आणखी चांगलं: हूक हाताला चटका बसेल इतपत गरम करून फडक्यानं पातळ थर द्या, जास्तीचं पुसून काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. तेलाची ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.